परागंदा आजोबा, अविवाहित काका

६ जानेवारी, शनिवार

आज कुलशोधक मंडळाचा सदस्य झालो. यामागची पार्श्वभूमी नोंदवून ठेवणे उचित होईल.

बाटल्यांच्या कारखान्यात खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या परिव्यय विभागातून मी गेल्या वर्षअखेरीस स्वेच्छानिवृत्ती घेतली. घराला थोडी शिस्त लावावी या हेतूने मी स्वयंपाकघरातील डब्यांवर जिन्नस, भरल्याची तारीख आणि संपण्याची संभाव्य तारीख दर्शवणाऱ्या चिठ्ठ्या डकवल्या. सौ.ने काही काळ त्या सहन केल्या. मग एके सकाळी मला जिऱ्याचा चहा मिळाला. चिठ्ठी चहापत्तीची होती, डब्यात जिरे होते. ती म्हणाली, "तुम्हांला कुणाचं तरी वर्गीकरण करायचंच असेल, तर मेलेल्यांचं करा. ते तक्रार करत नाहीत." आणि वर्तमानपत्रातील मंडळाच्या जाहिरातीचे कात्रण माझ्या हातावर ठेवले. तिने ते आधीच कापून ठेवले होते, ही बाब लक्षणीय आहे.

मंडळाची जागा सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, पुस्तकबांधणी विभागाला लागून आहे. खळीचा वास सतत येतो. जुन्या शहर-निर्देशिका, शाळांच्या प्रवेशनोंदी, वर्तमानपत्रांच्या बांधीव फाइली आणि हाताने फिरवायचे एक फिल्मवाचक यंत्र, एवढी सामग्री आहे. यंत्राचा दिवा तापला की अध्यक्षबाई त्याच्यावर पुठ्ठ्याने वारा घालतात. त्यांचे छत्र्यांचे दुकान आहे. पडताळणीचे काम एक दंतवैद्य पाहतात. नव्या सदस्याने फेब्रुवारीअखेरच्या वार्षिक प्रदर्शनात आपल्या कुळाचा तक्ता लावावा, असा प्रघात आहे. मी होकार दिला.

१३ जानेवारी, शनिवार

दंतवैद्यांचे व्याख्यान झाले. पुराव्याच्या तीन श्रेणी आहेत. त्या काळी झालेली लेखी नोंद ही प्रथम श्रेणी. प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे कथन ही द्वितीय. ऐकीव माहिती ही तृतीय, आणि ती, त्यांच्या शब्दांत, हलणाऱ्या दातासारखी : असल्याचे समाधान, चावता येत नाही. नातेवाइकांना शेवटी विचारावे, कारण त्यांना आठवत नाही तेव्हा ते रचतात. हा माणूस मला आवडला.

प्रदर्शनात लावलेला तक्ता समारोपापर्यंत कोणीही काढू नये, अन्यथा सदस्य आयत्या वेळी फेरफार करत बसतील, अशी सूचना मी मांडली. ती एकमताने संमत झाली.

माझ्या हाती आजमितीस असलेली माहिती अशी. माझे वडील, ज्यांना आम्ही बाबा म्हणत असू, मितभाषी होते. स्वतःच्या वडिलांविषयी त्यांनी उभ्या आयुष्यात अवाक्षर काढले नाही. आजोबांचे नाव मला ठाऊक आहे ते केवळ बाबांच्या पूर्ण नावात ते मध्ये येते म्हणून. मात्र काकांविषयी ते बोलत. काकांनी पोहायला शिकवले, काकांनी तापात रात्र रात्र जागून काढली, काका बोट धरून शाळेत सोडायचे. हे सर्व एका काकाला करावे लागले, याचा अर्थ ते करायला वडील जागेवर नव्हते, हे उघड आहे.

कन्येचा फोन आला. "भाऊ, आईला द्या ना," इतकेच माझ्याशी बोलली. (माझे धाकटे बंधू शिकायला आमच्याकडे होते, ते मला भाऊ म्हणत. तिने तेच उचलले. कुळाच्या दृष्टीने या बाबीस महत्त्व नाही.)

२७ जानेवारी, शनिवार

महत्त्वाचा दिवस. शाळेच्या प्रवेशनोंदीत आजोबांच्या घरची तीन भावंडे सापडली : एक थोरले बंधू, मग आजोबा, मग एक भगिनी. काका नावाच्या तिसऱ्या भावाचा मागमूस नाही. त्यांना शाळेत घातले नसावे. बाबांनी त्यांचे नाव कधी उच्चारले नाही, त्यामुळे निनावी मनुष्य शोधण्याची आपत्ती माझ्यावर आली आहे.

पुढे शहर-निर्देशिकांत आजोबा मिळाले. व्यवसाय घड्याळदुरुस्ती, दुकान जुन्या बाजाररस्त्यावर. पुढच्या आवृत्तीतही आहेत. त्यानंतरच्या आवृत्तीत नाहीत. मी तीन वेळा पाहिले, अध्यक्षबाईंनाही पाहायला लावले. मनुष्य दुकानासह नाहीसा झाला आहे. त्या वेळी बाबा शाळेत जाऊ लागले असतील.

घरी येताना मन खिन्न होते. आपल्या आजोबांनी बायकामुले टाकून जावे, हे वयाच्या या टप्प्यावर समजणे सुखाचे नाही. तक्त्यातील शेऱ्यासाठी मी 'परागंदा' हा शब्द निवडला आहे. 'पळून गेले' याहून तो सभ्य आहे.

३१ जानेवारी, बुधवार

प्रकरण गंभीर वळणावर. ज्या आवृत्तीतून आजोबा नाहीसे होतात, त्याच आवृत्तीत एक नवी नोंद उगवते : 'घड्याळवाले, पुलाजवळ.' मालकाचे नाव नाही. काकांचे दुकान पुलाजवळ होते, हे बाबांच्या तोंडून मी स्वतः ऐकले आहे. म्हणजे भाऊ नाहीसा होतो आणि त्याच सुमारास दुसरा भाऊ त्याच व्यवसायात उभा राहतो. आजोबा आपण होऊन गेले की त्यांना जाणे भाग पाडण्यात आले, हा प्रश्न मी तूर्त खुला ठेवत आहे.

सौ.ला हे सांगितले. ती कणीक मळत होती. हात थांबवून तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "काका म्हणजे कोण, ते तुम्हांला माहीत आहे ना?" मी म्हणालो, तेच तर शोधतो आहे. ती म्हणाली, "मला विचाराल का?" मी तिला सौम्यपणे समजावले की सुनेने सासरी ऐकलेली गोष्ट ही तृतीय श्रेणीत मोडते. ती म्हणाली, "बरं." आणि पुन्हा कणीक मळू लागली. मळता मळता हसत होती. संशोधनाचे गांभीर्य घरच्यांना कळत नाही, ही मंडळातील सर्वांचीच तक्रार आहे.

३ फेब्रुवारी, शनिवार

जुन्या वर्तमानपत्रात छायाचित्र मिळाले. चौकातील बंद पडलेले सार्वजनिक घड्याळ पुन्हा सुरू झाले त्या प्रसंगी आजोबा शिडीवर उभे आहेत. खाली नाव स्वच्छ छापले आहे. बाबांच्या ट्रंकेतील एका छायाचित्रामागे 'काका' असे बाबांचे अक्षर आहे. दोन्ही शेजारी ठेवून भिंगाने तपासली.

दोघांतील साम्य विलक्षण आहे. मिशा त्याच घाटाच्या. मान डावीकडे कलती. एवढेच नव्हे, तर दोघांच्याही डाव्या भुवईवर तिरका व्रण आहे. व्रण आनुवंशिक असू शकतो काय, हे मी दंतवैद्यांना विचारले. ते म्हणाले, दातांतली फट वारशाने येते, व्रणाचे त्यांच्या पाहण्यात नाही, पण शास्त्र पुढे जात आहे. शेऱ्यात 'आनुवंशिक व्रण (?)' असे नोंदवले.

७ फेब्रुवारी, बुधवार

आजचा विषय नाजूक आहे. ही वही कोणी वाचणार नाही, या भरवशावर लिहितो.

बाबांच्या बोलण्यात काकांच्या खालोखाल 'वहिनी' येत असे. वहिनींच्या हातची भाकरी, वहिनींचा धाक, वहिनींनी विणलेला स्वेटर. काल मला अकस्मात जाणवले की बाबा हे घरातील थोरले अपत्य. त्यांना मोठा भाऊच नव्हता. मग ही वहिनी कोणाची?

परिस्थिती अशी दिसते. आजोबा परागंदा. आजीचा उल्लेख कुठेच नाही, तेव्हा ती अल्पायुषी असावी. घरात अविवाहित काका. आणि त्याच घरात, त्याच काळात, जिचे कोणाशीही नाते सिद्ध होत नाही अशी एक स्त्री, जिला मुले वहिनी म्हणून हाक मारतात. बाबा एकदा बोलून गेले होते की काका आणि वहिनी यांचे भांडण झाले की वहिनी त्यांच्या ताटात मीठ जास्त घालत.

यावर अधिक लिहिणे प्रशस्त नाही. मनुष्य एकटा होता, भावाची मुले सांभाळत होता. निवाडा करणारा मी कोण?

१७ फेब्रुवारी, शनिवार

तक्ता पूर्ण झाला. जाड कागद, काळी शाई, चौकटी पट्टीने आखलेल्या. आजोबा : परागंदा. आजी : अल्पायुषी (अनुमान). काका : अविवाहित. वहिनी : मूळ अज्ञात. काका आणि वहिनी यांच्यामध्ये पुष्कळ विचारांती मी तांबड्या शाईने टिंबांची रेघ ओढली आणि तिच्यावर 'संबंध अनिश्चित' असे बारीक अक्षरांत लिहिले. दंतवैद्य तक्ता बघत उभे राहिले. शेवटी म्हणाले, "एवढं धैर्य आमच्या मंडळात आजवर कुणी दाखवलं नव्हतं." अध्यक्षबाईंनी तक्ता दर्शनी भिंतीवर लावण्याचे ठरवले.

घरी सौ.ने तक्ता शेवटपर्यंत वाचला. तांबड्या टिंबांपाशी ती पदर तोंडाला लावून बाल्कनीत गेली. तिला वाईट वाटले असावे. सासरचीच माणसे ती.

२० फेब्रुवारी, मंगळवार

सौ.ने जेवताना सहज सांगितले की प्रदर्शनाला आत्या येत आहे. सौ.नेच फोन करून बोलावले.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, त्या पिढीतील एकमेव हयात व्यक्ती. कन्येच्या लग्नापासून ती आमच्याशी, विशेषतः माझ्याशी, बोलत नाही. पंगतीची आसनव्यवस्था मी आडनावांच्या वर्णानुक्रमे केली होती. सासरचे तिचे आडनाव वर्णमालेच्या शेवटी येते, त्यामुळे ती जनरेटरशेजारी बसली. यात माझा दोष कोणता, हे मला अद्याप कोणी दाखवून दिलेले नाही.

पण आजची अडचण त्याहून मोठी आहे. ती आजोबांची मुलगी. आपले वडील घर टाकून गेले, हे तिला ठाऊक असेल का? नसेल, तर भर सभेत, भिंतीवर, जाड अक्षरांत ते वाचण्याची वेळ मी तिच्यावर आणतो आहे. आणि काका-वहिनींचे प्रकरण? तिला तर त्याच दोघांनी वाढवले. रुसवा निघायचा राहिला बाजूला, ती पुन्हा कधी या घराची पायरी चढणार नाही. सत्य लपवणे माझ्या प्रकृतीत नाही, आणि लावलेला तक्ता उतरवणे आता नियमातही बसत नाही. सौ.ला म्हणालो, तिच्या वयाला हे पेलेल का? ती म्हणाली, "तिला पेलेल. तुम्हांला पेलेल का ते बघा."

२४ फेब्रुवारी, शनिवार

जे घडले ते क्रमाने लिहितो.

आत्या सकाळच्या गाडीने आली. माझ्या नमस्काराला तिने "हं" असे उत्तर दिले आणि सौ.चा हात धरून वाचनालयाचे जिने चढली. तक्त्यासमोर गर्दी होती. लोकांनी वाट दिली. तिने चष्मा पुसला आणि खालून वर वाचायला सुरुवात केली. स्वतःच्या चौकटीपाशी समाधानाने मान हलवली. मग बोट वर सरकले.

"हे परागंदा कोण?"

मी तिच्या कानाशी वाकून शक्य तेवढ्या हळू म्हणालो, "आत्या, तुझे वडील. मन घट्ट कर."

बोट शेजारच्या चौकटीवर गेले. "आणि हे?"

"काका."

"काका अविवाहित?"

"विवाहाची नोंद कुठेच सापडत नाही."

आत्याने माझ्याकडे मान वळवली. "मग मी कुठून आले रे?"

सभागृहात खळीचा वास तेवढा जाणवत होता. मी म्हणालो, तू आजोबांची. ती म्हणाली, "आजोबा तुझे. माझे काका." मी म्हणालो, काका वडिलांचे भाऊ. ती म्हणाली, "अरे, काका म्हणजेच आमचे वडील. वरच्या मजल्यावर थोरल्यांची पोरं होती, ती काका म्हणायची, मग आम्हीही काका म्हणायला लागलो. घरात दुसरी हाकच नव्हती." तेवढ्यात तिचे लक्ष तांबड्या टिंबांकडे गेले. "हे काय सांडलंय?"

मागून सौ. म्हणाली, "संबंध अनिश्चित."

"वहिनीशी?" आत्याला खुर्ची द्यावी लागली. हसताना तिला धाप लागली. आईला धाकटी नणंद होती, ती वहिनी म्हणायची, म्हणून सगळी मुले आईला वहिनी म्हणत, एवढे सांगायला तिला दोनदा पाणी प्यावे लागले. लोकांनाही आवरेना. दंतवैद्य खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

मी उभा होतो. माझ्या डोळ्यांपुढे चार चौकटी हळूहळू दोन झाल्या. एका सुशील दांपत्याला मी आधी विभक्त केले होते, त्यातल्या एकाला पळवून लावले होते, दुसरीला मारले होते, आणि मग दोघांना पुन्हा संशयास्पद रीतीने एकत्र आणले होते. आनुवंशिक व्रणाचा खुलासाही झाला. लहानपणी दाराची कडी लागली होती. एकाच भुवईला. दुकान बाजाररस्ता रुंद होताना पुलाकडे हलले. "पळून कुठे जातील," आत्या म्हणाली, "पूल ओलांडला तरी त्यांना रस्ता चुकायचा."

मग तिचे हसू ओसरले. तिने पुन्हा चष्मा लावला आणि पहिल्या चौकटीकडे बघत राहिली. "टिंबांचं सोड," ती म्हणाली. "पण हा शब्द वाईट आहे. दुकानातून आले की पोरं जेवली का, हे विचारल्याशिवाय पायातलं काढायचे नाहीत काका. आणि त्यांना तू परागंदा केलंस."

तक्ता तत्काळ उतरवण्याची परवानगी मी अध्यक्षबाईंकडे मागितली. त्यांनी खेदपूर्वक सांगितले की समारोप उद्या सायंकाळी आहे, आणि नियम माझाच आहे. आत्याने हे ऐकले. तिने खुर्ची तक्त्याखाली ओढून घेतली. म्हणाली, "मग मीही उद्यापर्यंत इथेच. येईल त्याला मी सांगते कोण पळालं ते."

२५ फेब्रुवारी, रविवार

आत्या दिवसभर तक्त्याखाली बसली होती. मी पाणी आणि खाणे पोचवले. प्रत्येक येणाऱ्याला ती हाताने जवळ बोलावून सांगे, "हे आमचे काका. कागदावर पळून गेलेत. खरे तर चौकातलं घड्याळ ह्यांनीच चालू केलं." मग माझ्याकडे बोट दाखवून, "आणि हा नातू. बी.कॉम. आहे." संध्याकाळपर्यंत इतर सर्व तक्ते ओस पडले होते.

आणि एक अनपेक्षित प्रकार झाला. ऐकणारे लोक जाताना थबकू लागले. एक गृहस्थ म्हणाले, आम्ही आईला ताई म्हणायचो. एक बाई म्हणाल्या, आमच्याकडे आजोबांना सगळे मामा म्हणत, अगदी आजीसुद्धा. छत्र्यांच्या दुकानात अध्यक्षबाईंना त्यांचा मुलगा बाई म्हणतो. दुपारी दंतवैद्य स्वतःच्या प्रमाणित तक्त्यापुढे घामाघूम उभे होते. त्यांच्या कुळात 'अक्का' नावाच्या एक आजन्म अविवाहित पूर्वज आहेत. त्यांनी जिन्यात जाऊन आईला फोन केला. परत आले ते थेट खोडरबर शोधू लागले.

रात्री सौ. म्हणाली, "आपली लेक तुम्हांला काय म्हणते?" मी वही उघडून १३ जानेवारीची कंसातील ओळ पुन्हा वाचली.

२ मार्च, शनिवार

मंडळाच्या सभेत मी ठराव मांडला : यापुढे प्रत्येक तक्त्यात नाव, जन्म, मृत्यू व व्यवसाय यांच्याबरोबर 'हाक' असा स्वतंत्र रकाना असावा. घरात या व्यक्तीला काय म्हणत आणि का म्हणत, हे त्यात नोंदवावे. अनुमोदन दंतवैद्यांनी दिले, जरा घाईने. पुराव्याच्या श्रेणींचाही फेरविचार होणार आहे. सुनेचे कथन कोणत्या श्रेणीत घालावे, यासाठी मला एकसदस्यीय समिती म्हणून नेमले आहे. मी अहवाल सौ.ला दाखवून मगच सादर करीन.

आत्या अजून आमच्याकडेच आहे. स्वयंपाकघरातल्या चिठ्ठ्यांविषयी तिने चौकशी केली. दोघींचे हसणे दिवाणखान्यात ऐकू आले.

४ मार्च, सोमवार

आत्याला आज गाडीवर पोचवले. पिशवी माझ्या हातात होती. फलाटावरच्या बाकावर बसल्यावर मी विचारले, बाबांनी कधी एकदा तरी सांगितले का नाही, की काका म्हणजे माझे वडील? ती म्हणाली, सांगायचं काय त्यात? काका होते की.

मग थोड्या वेळाने आपण होऊन बोलू लागली. बाबा शाळेत असताना वर्गातल्या पोरांनी त्यांना चिडवले होते : तुला बाप नाही, नुसता काका आहे. "तुझ्यासारखीच हुशार पोरं होती," ती म्हणाली. त्या संध्याकाळी काका दुकान बंद करून हत्यारांची पेटी घेऊन घरी निघाले होते, आणि बाबा आत्याचे बोट धरून मागून चालले होते. भर रस्त्यात बाबांनी हाक मारली, "बाबा."

"मग?"

"मग काय. काका चालतच राहिले. त्यांना वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी बोलावतंय पोरगं. आमच्या दादानं पुन्हा हाक मारली, मोठ्यानं. न्हावी बघायला लागला, सायकलवाला उतरला. सगळा रस्ता वळला, काका तेवढे वळेनात. शेवटी दादा हळूच म्हणाला, काका. तर जागच्या जागी थांबले. पेटी खाली ठेवली. काय रे, म्हणाले."

"बाबा काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाला. आणि जाऊन त्यांचं बोट धरलं. परत कधी त्या फंदात पडला नाही."

गाडी लागली. आत्याने पिशवी माझ्याकडून घेतली आणि म्हणाली, पुढच्या खेपेला मी पहिल्या पंगतीत बसणार. मी लेखी देऊ केले. नको म्हणाली.

घरी येऊन नवा तक्ता काढायला बसलो. आजोबांच्या चौकटीत नाव लिहिले, व्यवसाय लिहिला, आजीच्या चौकटीपर्यंत काळ्या शाईची सरळ रेघ ओढली. हाकेच्या रकान्यात 'काका' लिहिले. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावे हे बराच वेळ सुचेना. सौ.ने चहा आणून ठेवला, तो निवला. अखेर लिहिले :

अन्य कोणत्याही हाकेस ओ देत नसत.